चोवीस मुक्काम

फुलसावंगीच्या शाळेत घनश्याम मास्तर गणित शिकवत आणि उरलेल्या वेळात गावाची अंदाजपत्रकं करत. कुणाची विहीर खणायची असो, कुणाच्या घरी लग्न निघालेलं असो, मास्तर वहीचं मधलं पान काढत, फुटपट्टीनं उभी रेघ मारत आणि डावीकडे बाब, उजवीकडे रक्कम असं सगळं इतकं नेटकं मांडत, की पाहणाऱ्याला वाटावं, लग्न लागलंच आता. आपली बेरीज कधी चुकलेली नाही, हे ते स्वतःच सांगत. कुणी विचारलं नसलं तरी सांगत. वय जेमतेम तिशीचं, पण चष्मा आणि काळा कोट यांच्यामुळे चाळिशीचे दिसत, आणि त्यांना ते आवडे.

अशा माणसाचं एकच अंदाजपत्रक साफ चुकलं. थोडंथोडकं नाही, निम्म्यानं चुकलं. आणि गंमत म्हणजे पुढं पंचक्रोशीत त्यांचं नाव निघे ते त्याच एका कागदासाठी.

ते साल १९५९. जानेवारी महिना, कापूस घरात आलेला, तुरी अजून उभ्या. विठ्ठलरावांच्या ओसरीसमोर तेव्हा जीप उभी असायची. लढाई संपल्यावर गोऱ्या शिपायांनी मागं टाकलेली ती गाडी. सरकारनं लिलावात काढली, आणि नागपूरला बैलजोडी घ्यायला गेलेले विठ्ठलराव बैलांऐवजी तीच घेऊन परतले. स्टिअरिंग डावीकडे, डोक्यावर फाटकी ताडपत्री, मागं जोडायला एक छोटा ट्रेलर. तानाबाईंनी, म्हणजे विठ्ठलरावांच्या बायकोनं, त्या आनंदाप्रीत्यर्थ चार दिवस अळणी वरण वाढलं. विठ्ठलरावांनी ते मिटक्या मारत खाल्लं. गडी पन्नाशीला आलेला, पण जीपला हात लावला की सोळा वर्षांचा होई.

त्या ओसरीवर एके सकाळी बाबूसिंग आला. गावापासून अर्ध्या मैलावर लभाणांचा, म्हणजे बंजाऱ्यांचा, तांडा होता, तिथला तो सगळ्यांत जुना माणूस. चौऱ्याहत्तरी गाठलेली, अंगानं वाळलेला, पण पागोटं झोकात. त्यानं जीपभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं, चाकाला बोट लावलं आणि विचारलं, "इठ्ठलराव, हे ओझं किती नेते जी?"

"खंडीभर तं नेईन आरामात. काहून? कापूस हाये का तुमचा?"

"कापूस नाही. मानसं किती बसते?"

"चौघं."

"मंग बराबर हाये," बाबूसिंग म्हणाला आणि ओसरीच्या कडेला टेकला. "जातानी तिघं, येतानी चौघं. माई बहीन आनाची हाये मले. चिंतलपेठवून."

मास्तर तिथंच बसून चहा पीत होते. चिंतलपेठ कुठं आलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. विठ्ठलरावांनाही नव्हतं. मग बाबूसिंगनं सांगितलं. सावकाश सांगितलं, कारण ते त्याच्याकडे साठ वर्षांपासून तयार होतं.

त्याच्या लहानपणी हे लोक अजून लदेणी करत. म्हणजे बैलांच्या पाठीवर गोणी लादून मुलूख ओलांडायचा. इकडून धान्य न्यायचं, तिकडून मीठ आणायचं. रेल्वेनं बराच धंदा खाल्ला होता, तरी बाबूसिंगच्या बापाकडे दीडशे बैल होते आणि पैनगंगेपलीकडे मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, पार गोदेच्या काठापर्यंत, त्याची वाट ठरलेली होती. शेवटच्या लदेणीला बाबूसिंग चौदा वर्षांचा होता आणि त्याची बहीण रुपी बाराची. निर्मळच्या पुढं, गोदेच्या अलीकडे चिंतलपेठचा तांडा होता, तिथं बापानं रुपीचं लग्न लावलं. त्यांच्या रीतीप्रमाणे नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहिली आणि माहेरच्या माणसांची नावं घेऊन सुरात रडली. त्या रडण्याला ते ढावलो म्हणतात. त्यात तिनं भावाचं नाव सगळ्यांत शेवटी घेतलं आणि सगळ्यांत जास्त वेळ घेतलं.

"मी म्हनलं, रुपी, रडू नोको. पुढच्या लदेनीले येतो मी. तुले माहेरी नेतो." बाबूसिंगनं पागोट्याचा शेव उगाच नीट केला. "अन् पुढच्या साली तो मोठा दुकाळ पडला. दीडशे बैलातले नऊ उरले. मंग कायची लदेनी."

लदेणी दर वर्षी फुलसावंगीहूनच निघायची; बैल गेले तेव्हा तांडा तिथंच थांबला तो कायमचा. पोरं दुसऱ्याच्या वावरात राबायला लागली, पुढं चार एकर स्वतःचे झाले. विठ्ठलरावांनी विचारलं, की इतक्या वर्षांत मग एकदाही का गेला नाहीत? विचारलं तसं त्यांनाच वाईट वाटलं, पण शब्द निघून गेला होता.

"चोवीस मुक्काम हाये जी ते," बाबूसिंग म्हणाला. "चोवीस जायाचे, चोवीस याचे. पावनेदोन महिने. मजुरी सोडून पावनेदोन महिने कोन जाऊ देते? मंग वावर झालं, वावर सोडता ये नाही. मंग तिकडं मोगलाईत गडबड झाली. मंग हे गुडघे. जाऊ-जाऊ करता करता राह्यलंच."

गेल्या वर्षी माहूरच्या जत्रेत तिकडचा एक माणूस त्याला भेटला. रुपीबाई जिवंत आहे, नवरा वारला, एका डोळ्यानं दिसत नाही, एवढं त्यानं सांगितलं. तेव्हापासून बाबूसिंग जायचा मार्ग शोधत होता. बहिणीला माहेरी आणायला जो जातो त्याला आपल्याकडे मुराळी म्हणतात. साधारण तो मिसरूड फुटलेला कुणी धाकटा भाऊ असतो. हा मुराळी चौऱ्याहत्तर वर्षांचा होता, आणि त्याची सगळी मदार पाटलाच्या मोडक्या जीपवर होती.

विठ्ठलरावांना असं काही निमित्त हवंच होतं. बिनरस्त्यानं, नदीनाले ओलांडत, मोगलाई पालथी घालायची! त्यांनी मांडीवर थाप मारली. आतून तानाबाईंचा आवाज आला, "दोनशे रुपये. त्याच्यावर एक पैसा लागला तं त्या डबड्यात मी कोंबड्या पोशीन." त्यांनी सगळं ऐकलं होतं. आणि दोनशे म्हणाल्या म्हणजे त्यांनाही पाझर फुटलाच होता, नाहीतर त्या पन्नास म्हणाल्या असत्या.

मास्तरांनी वही काढली. हा त्यांचा प्रांत.

"पहिले अंतर," ते म्हणाले. "बाबूसिंगदादा, एक मुक्काम म्हंजे किती मैल?"

"मुक्काम म्हंजे मुक्काम, गुर्जी. निंघालं, थांबलं, झोपलं. झाला मुक्काम."

"पन मैल किती?"

"मैल सायबाचे असते. आमाले कायचे मैल?"

मास्तरांनी चष्मा वर ढकलला. मग त्यांनी शास्त्रशुद्ध विचार केला. विठ्ठलरावांची कापसाची बैलगाडी सकाळी निघून दिवस बुडता महागावला पोचते, ते अंतर बारा मैल. म्हणजे बैलाचा एक दिवस बारा मैलांचा. चोवीस गुणिले बारा, दोनशे अठ्ठ्याऐंशी. जाऊन येऊन पाचशे शहात्तर. आडरानात जीप गॅलनला बारा मैल देईल, म्हणजे अठ्ठेचाळीस गॅलन. चार गॅलनचा एक डबा, असे बारा डबे. तीन डबे टाकीत मावतात, नऊ ट्रेलरमध्ये. पावणेतीन रुपये गॅलननं एकशे बत्तीस रुपये. मास्तरांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि समाधानानं पाहिलं.

"जाते काय इतकी दूर हे?" विठ्ठलराव जरा घाबरून म्हणाले. तीनशे मैल एका दमात त्यांनीही कधी ऐकले नव्हते.

बाकीची बाबवारी झाली. इंजिनाचं तेल चौदा रुपये. जुनं पण धड असं एक जादा टायर पस्तीस. ट्यूब, ठिगळं, पट्टा मिळून अकरा. बारा दिवसांचा प्रवास धरून तिघांचं जेवणखाण सत्तावीस. एकूण दोनशे एकोणीस. मास्तरांनी नव्या पैशांतला हिशेबही शेजारी लिहिला होता, तो बाबूसिंगनं पाहिलासुद्धा नाही. त्याच्या लेखी आणे अजून चालू होते.

"एकोणीस जास्त होते," मास्तर म्हणाले. "एक उपाय हाये. तिघांच्या जागी दोघंच जाऊ. मी नाही येत."

हे बोलताना त्यांचा आवाज पडला. मास्तर जन्मात पुसदच्या पुढं गेले नव्हते. भूगोलाच्या तासाला गोदावरी काठीनं दाखवत, तेवढीच.

"तुमी नाही तं हिशेब कोन करीन?" बाबूसिंग म्हणाला. "अन् जेवाले पैसे कायले? लदेनीत कोनी पैसे देऊन जेवते काय? जवारीचं पीठ घेऊ, मिरच्या घेऊ, थांबलो का भाजू. चहाले पाच रुपये ठेवा, बास."

सत्तावीसचे पाच झाले. एकूण एकशे सत्त्याण्णव. तीन रुपये उरले. मास्तर म्हणाले, अडीअडचणीला राहू द्या. बाबूसिंगनं मान हलवली. मुराळी रिकाम्या हातानं जात नाही. तीन रुपयांचा गूळ आणि खोबरं लिहा. मास्तरांनी लिहिलं. दोनशे पुरे. तळाशी बाबूसिंगनं आग्रहानं एक ओळ आणखी लिहून घेतली, जिला रक्कम नव्हती: 'जाताना तिघे, येताना चौघे.'

मास्तरांनी बारा दिवसांची बिनपगारी रजा टाकली आणि सोमवारी सकाळी तिघं निघाले. सगळा तांडा वेशीपर्यंत आला होता. पेट्रोलचे नऊ डबे ट्रेलरमध्ये गवतात रोवून दोरानं आवळलेले. बाबूसिंग पुढं, विठ्ठलरावांच्या शेजारी. वाट तोच दाखवणार. मास्तर मागं, मांडीवर वही.

वाट कसली, वाटेची आठवण होती ती. कुठं कुंपण आलं होतं, कुठं वावर, कुठं नुसती बाभळ. पण बाबूसिंगचे डोळे त्या जमिनीवर असे फिरत होते, की विठ्ठलराव न विचारता स्टिअरिंग वळवत. "त्या टेकडीच्या डावीकून घ्या. तिथं उतार सोपा हाये, लादलेला बैल घसरत नाही." आणि खरंच उतार सोपा निघे. साठ वर्षांपूर्वी कुणी बैलांच्या गुडघ्यांची काळजी केली होती, तिचा फायदा आता जीपला होत होता.

पैनगंगेच्या अलीकडे एक जुनी विहीर आली. दगडी बांधणीची, शेजारी चिंच. बाबूसिंगनं टाळी वाजवली. "पयला मुक्काम! आमच्या लोकायनं खंदली हे इहीर. मायनं इथं भाकरी बांधून देल्लती सगळ्याले." त्यानं तिघांना उतरवलं, पाणी पाजलं, दगडावर कोरलेला बैल दाखवला. त्याचं तोंड त्या सकाळी इतकं उजळलेलं होतं, की मास्तरांना आपल्या वर्गातली पोरं आठवली. वहीत त्यांनी लिहिलं: मुक्काम पहिला, मैल पाच. मग त्यांनी ते पुन्हा पाहिलं. पहिला दिवस, उशिरा निघाले असतील, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली.

नदी पाण्यातून ओलांडली. पुढं दुसरा मुक्काम आला, मग तिसरा. "हा जांभळाचा. इथं आमची गाय व्याली." "हा खडकाचा. इथं मले इंचू चावला." बाबूसिंग हातानं दाखवी आणि हसे. विठ्ठलराव हॉर्न वाजवत. पाचवा आला, सहावा आला. माहूरचा डोंगर बाजूनं आला आणि मागं गेला. दहावा मुक्काम आला तेव्हा ऊन अजून डोक्यावर होतं.

अकराव्याला बाबूसिंगनं हात केला, पण तो हसला नाही. बाराव्याला त्यानं नुसतं म्हटलं, "हा बारावा." तेराव्याला ओसाड देवळी बाजूनं निघून गेली आणि त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं एवढंच.

मास्तरांची वही भरत चालली होती. सहा मैल. पाच. सात. पाच. कुठलाच मुक्काम बारा मैलांचा नव्हता. त्यांनी पुढं वाकून मैलांचा काटा पाहिला, पुन्हा बेरीज केली. बेरीज बरोबर होती. चूक तिच्या आधीच होऊन बसली होती. सांगावं की न सांगावं, हे त्यांना कळेना. असं कळेनासं होण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

सांगायची गरज पडली नाही. किनवटच्या पुढं जीपचा पट्टा तुटला, विठ्ठलराव नवा चढवायला खाली घुसले, आणि बाबूसिंग एका दगडावर बसून आपणहून बोलायला लागला. बोलता बोलता त्याला स्वतःलाच उलगडत होतं.

"गुर्जी, लादलेला बैल गाडीच्या बैलावानी चालत नाही. चरत चालते. उजाडता निंघालं का उन्हं तापेपर्यंत थांबाचं. दीडशे बैलाच्या गोन्या उतरवाच्या, सकाळी पुन्हा लादाच्या, त्यातच अर्धा दिवस जाये. गाय व्याली का दोन रोज थांबाचं. तेबी दोन मुक्काम. चारा लागला का चार रोज थांबाचं. ते चार मुक्काम." तो थांबला. "आमी मुक्काम मोजले, गुर्जी. वाट कोनी मोजलीच नाही."

मास्तर त्याच्या शेजारी बसले. अंदाजपत्रकात अशा गोष्टीसाठी बाब नसते.

"पायी निंघालो असतो तरी सात-आठ दिवसात पोचलो असतो," बाबूसिंग म्हणाला. "दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आलो असतो मी." मजुराला दिवाळीची सुट्टी असते का, हा प्रश्न वेगळा. पण त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

रात्री जंगलखात्याच्या एका पडवीत ते झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी, टाकीतलं पेट्रोल तळाला लागलेलं असताना, ताडाच्या रांगेमागं चिंतलपेठचा तांडा दिसला. काट्यावर एकशे एकोणचाळीस मैल झाले होते. ट्रेलरमधल्या नऊ डब्यांपैकी एकाचंही बूच काढलं नव्हतं.

जीप पाहून पोरं धावली, कुत्री धावली. एका झोपडीच्या दारात आरशांची काचोळी आणि विटलेला घागरा घातलेली म्हातारी ज्वारी पाखडत बसली होती. केस पांढरे, एक डोळा झाकोळलेला. बाबूसिंग उतरला आणि दहा पावलांवर उभा राहिला. पुढं जाईना. म्हातारीनं सूप खाली ठेवलं, मान तिरपी करून चांगल्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं.

"भिया?" ती म्हणाली. भिया म्हणजे भाऊ.

दोघांचं बोलणं त्यांच्या गोर बोलीत झालं. मास्तरांच्या वर्गात तांड्याची बारा पोरं होती, त्यामुळे त्यांना कळत होतं. आणि कळत नसतं तरी कळलं असतं.

त्यांच्यात बऱ्याच दिवसांनी भेट झाली की बाई गळ्यात पडून सुरात रडते. रुपीबाई रडली नाही. तिनं भावाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि लदेणीतल्या माणसानं विचारावं ते आधी विचारलं. "किती मुक्काम पडले?"

बाबूसिंगनं मास्तरांकडे पाहिलं. त्याला चोवीस म्हणता आलं असतं. मास्तरांनी काही दुरुस्त केलं नसतं. देवाशपथ केलं नसतं.

"एक," बाबूसिंग म्हणाला.

"एकच?"

"एकच. काल सकाळी निंघालो."

विठ्ठलराव उगाच चपलेतला खडा काढत राहिले. मग म्हातारी म्हणाली, "मीबी चोवीसच धरून बसली होती. नवरा म्हने, चाल, पोचवून देतो. मी म्हनो, चोवीस मुक्काम! पोट्टे लहान हाये, कोन जाईन? मले काय तुले काय, भिया, मायनं एकच मोजनं शिकवलं."

हे ऐकून बाबूसिंगला जरा बरं वाटलं असावं. चूक एकट्याची नव्हती. त्यानं गूळखोबऱ्याचं फडकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "चाल. न्याले आलो."

तिनं फडक्याची गाठ सोडली नाही. हात मात्र गाठीवर ठेवला. "नाही येत."

"काहून?"

"राहाले तं मी येऊ शकत नाही. अकरा नातवंडं हाये. म्हैस हाये. चार दिवस माहेर करीन म्हनलं, तं मंग पोचवशीन कवा? मांगं तू म्हनलतं, पुढच्या लदेनीले येतो." हे ती रागानं म्हणाली नाही. नुसतं म्हणाली. "मरन आलं तं इथंच यावं, भिया. मधात अडकून नाही."

बाबूसिंग खाली पाहत राहिला. एकदा मोडलेल्या शब्दावर दुसरा शब्द कसा ठेवायचा? विठ्ठलराव म्हणाले, "मी आनून सोडतो न, बाई," पण म्हणता म्हणताच त्यांना दोनशे रुपये आठवले, तानाबाई आठवल्या आणि कोंबड्याही आठवल्या. आवाजात दम राहिला नाही.

तेव्हा घनश्याम मास्तर उठले. ट्रेलरपाशी गेले, गवत बाजूला केलं आणि एकेका डब्यावर बोट ठेवून मोजले. मग परत येऊन, वर्गात उभे राहत तसे, कोटाचं बटण लावून उभे राहिले.

"इथवर याले तीन डबे लागले," ते म्हणाले. "इथून माहेरी न्याले तीन. सहा रोजानं आनून सोडाले तीन. आमाले वापस घरी जाले तीन. नऊ. नऊ डबे ते पाहा, मांगं हाये. भरलेले हाये. पैसे देऊन झाले. रजाबी माई बारा दिवसाची हाये, त्यातले दोनच गेले." मग ते म्हातारीकडे वळले. "रुपीबाई, शब्दावर भरवसा ठेवू नोका. डबे मोजून घ्या."

रुपीबाई उठली. काठी टेकत ट्रेलरपाशी गेली आणि तिनं खरोखर मोजले. प्रत्येक डबा बोटानं वाजवून पाहिला, पोकळ तर नाही ना म्हणून. नऊ झाले. मग तिनं सुनेला हाक मारून आपला पेटीतला घागरा मागितला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीप निघाली. जाताना तिघे, येताना चौघे. मागं मास्तरांच्या शेजारी रुपीबाई, आणि ती सगळी वाट उलटी मोजत होती. तिला एकाच डोळ्यानं दिसत होतं, पण एकही मुक्काम तिच्याकडून सुटला नाही. जांभळाचा आला तेव्हा ती म्हणाली, "इथं गाय व्याली." खडकाचा आला तेव्हा म्हणाली, "इथं भियाले इंचू चावला, अन् रडली मी." बाबूसिंग पुढं बसून नुसता मान हलवत होता.

पुन्हा त्याच पडवीत झोपून, तिसऱ्या प्रहरी पैनगंगा ओलांडली. पलीकडे चिंचेखालची विहीर दिसली. तिथून तांडा पाच मैलांवर. विठ्ठलराव गाडी दामटणार, एवढ्यात रुपीबाईनं मागून त्यांच्या खांद्यावर काठी टेकवली.

"थांबवा."

"काय झालं? आलंच की आता."

"म्हनूनच थांबवा. एका मुक्कामात कोनाचं माहेर येते काय? मले रडाले तं येळ पायजे."

जीप थांबली. रुपीबाई उतरली, विहिरीच्या पाण्यानं तोंड धुतलं, पेटीतला घागरा नेसली. मग ती भावासमोर आली, दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले आणि सुरात रडायला लागली. बारा वर्षांच्या पोरीनं बैलावर उभं राहून घेतलेली सगळी नावं तिनं पुन्हा घेतली. बाप, माय, गाय, पुढच्या बैलाचं नाव, गेलेली सगळी. भावाचं नाव शेवटी आलं आणि ते संपेचना. बाबूसिंगचं पागोटं सुटून खाली पडलं, ते त्याला कळलं नाही. विठ्ठलराव टायर पाहायच्या निमित्तानं जीपमागं गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

मास्तर चिंचेखाली बसले. सवयीनं त्यांनी वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं, आणि यादीच्या शेवटी लिहिलं: मुक्काम दुसरा, जुनी विहीर. मग ते खोडून त्यांनी लिहिलं: मुक्काम चोविसावा. मैल, शून्य. पेट्रोल, शून्य. उजवीकडची रकमेची जागा त्यांनी कोरी ठेवली आणि रडणं संपेपर्यंत वाट पाहत बसले.